हिरवा ठिपका

प्रतिभाचा गुन्हा एकच होता. तिचं काम वेळेत संपायचं.

मखमलाबादला पाटाच्या कडेला तिच्या सासरचा भाजीचा मळा आणि मळ्यातच घर. वरच्या खोलीत बसून ती पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करायची. सकाळी डोकं ताजं असताना सगळ्यात किचकट काम हातावेगळं करायचं, तोवर फोन पालथा ठेवायचा. मेल दिवसातून दोनदाच बघायचे. ज्या मीटिंगमध्ये आपल्यावाचून काही अडत नाही, तिथे सरळ विचारायचं, "मी यायलाच हवं का?" ही शिस्त तिला कुणी शिकवली नव्हती. सायली झाली आणि वेळेची किंमत आपोआप कळली. सहाला लॅपटॉप मिटायचा आणि लेकीला सायकल शिकवायची, एवढ्यासाठी हा सगळा आटापिटा. सातव्या वाढदिवसाला आणलेली लाल सायकल विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला टेकून उभी होती.

पण माणूस रिकामा दिसला की आपल्याकडे कुणाला बघवत नाही. प्रतिभा जिना उतरली रे उतरली की पडवीत कोथिंबिरीच्या ढिगाशी बसलेल्या सासूबाईंची, नवसाबाईंची हाक यायचीच.

"झालं का तुझं? बरं झालं बाई. ये, जुड्या बांधू लाग. उद्याच्या बाजाराला माल काढेल हे."

"आई, सायलीला सायकल शिकवायची होती."

"सायकल काय पळून चालली का? दिवसभर घरातच तर बसेल असती."

बाई वाईट नव्हती. तिने जन्मात स्वतःचे हात रिकामे ठेवले नव्हते आणि दुसऱ्याचे रिकामे दिसले की तिला चैन पडायची नाही. नवरा राज टेम्पो धूत असायचा. "दहा मिनिटांचं तर काम, बांध की," एवढं बोलून तो मोकळा. दहा मिनिटं म्हणता म्हणता अंधार पडायचा. सायली सायकलवर नुसती बसून घंटी वाजवायची.

ऑफिसात तरी दुसरं काय होतं? तिच्या टीममध्ये ओम नावाचा मुलगा होता. तो दुपारपर्यंत चकाट्या पिटायचा आणि संध्याकाळी कामाला लागायचा. टीमला नवा लीड नेमायचा होता. प्रतिभाला ते पद हवं होतं, कारण लीड झालं की मीटिंगा आपण ठरवायच्या, म्हणजे वेळही आपला, असा तिचा हिशेब. "मी लीड झाले ना, की रोज सायकल," असं तिने सायलीला सांगूनही ठेवलं होतं.

मॅनेजर तृप्तीने तिला फोन केला.

"तुझं काम उत्तमच आहे गं. पण सहानंतर तू दिसतच नाहीस. ओम बघ, कधीही ऑनलाइन."

"एकच चूक तीनदा दुरुस्त करतो, म्हणून बसलेला असतो तो."

"असेल. पण बसलेला असतो ना?"

फोन ठेवल्यावर प्रतिभाला रडू आलं नाही. संताप आला. आणि संतापाच्या भरात तिने ठरवलं, यांना बसलेलीच बाई हवी ना, मग घ्या.

काम ती अजूनही सहाच्या आतच संपवायची. फक्त मेल रात्री नऊला जाईल, अशी वेळ लावून ठेवायची. पण ऑफिसच्या चॅटमध्ये नावापुढे एक हिरवा ठिपका असतो. थोडा वेळ माउस हलला नाही की तो पिवळा पडतो. त्यामुळे ती कानाला हेडफोन लावून बसायची आणि मधूनमधून माउस हलवायची. पुढ्यात काम काहीच नाही.

आणि घरात चमत्कार झाला. नवसाबाईंनी चहा वर पाठवला. "हळू बोला रे, पोरीचं काम चालू हे!" म्हणून त्या खालून दटावू लागल्या. राज मुकाट्याने जुड्या बांधायला बसला. दिवसभर राबून उतरायची तेव्हा ही बाई रिकामटेकडी होती. आता खरोखर काही करत नव्हती, तर तिला मान मिळू लागला. असल्या मानाला काय चाटायचं?

सायली दारात यायची. "झालं का, आई?"

"थांब गं, ठिपका पिवळा होईल."

काही दिवसांनी सायलीने विचारणं सोडलं. नुसती ठिपका बघायची आणि परत जायची.

दिवाळीनंतर प्रतिभा लीड झाली. नवसाबाईंनी आजूबाजूच्या मळ्यांत पेढे वाटले. आता हाताखालची माणसं तिचा ठिपका बघत आणि तिला त्यांचे ठिपके बघावे लागत. त्यांच्यातली निकिता सहाला लॅपटॉप मिटायची. तिचं काम चोख असायचं. वरून निकिताबद्दल विचारणा झाली तेव्हा प्रतिभाने तिला लिहिलं, "काम छान आहे तुझं, पण सहानंतर दिसत नाहीस." मेसेज गेला आणि तिला स्वतःचीच किळस आली.

तेवढ्यात सायली दारात आली. फार दिवसांनी बोलली.

"चल ना आई, अजून उजेड आहे."

"नको गं. ठिपका..."

सायलीने क्षणभर विचार केला. मग आत येऊन आईच्या हाताखालचा माउस काढून घेतला आणि हलवायला लागली.

"मी हलवते. तू जा खाली."

प्रतिभाला हसू आलं. "आणि सायकल कोण शिकणार?"

"ते तू लीड झाल्यावर."

"अगं, झाले ना मी. पेढे नाही का खाल्लेस?"

सायलीचा हात थांबला. तिने आईकडे बघितलं.

"झालीस पण?"

उत्तरासाठी सायली थांबली नाही. ठिपका पिवळा पडायच्या आत ती स्क्रीनकडे वळली आणि माउस हलवत राहिली.