माझ्या कादंबरीतला टेम्पो

आमच्या राहनाळच्या घरासमोर गोदामं उभी राहिली, तेव्हापासून स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिवसभर टेम्पोच दिसायचे. ते बघता बघताच मला कादंबरी सुचली. एक टोळी कापडाच्या गाठींत स्फोटकं लपवून टेम्पो मुंबईला नेते आणि मंत्रिमंडळाची बैठक चालू असताना अख्खी इमारत उडवायचा कट रचते. माझ्या दोन रहस्यकथा आधी छापून आल्या होत्या. या वेळी प्रकाशकाला टाइप केलेली प्रत हवी होती.

टाइप करणारे चाचा जवळच्या निजामपुऱ्यात, यंत्रमागांच्या वस्तीतल्या एका छोट्या दुकानात कॉम्प्युटर लावून बसायचे. मराठी शाळेत शिकलेले. लिहून होतील तशी पानं मी त्यांना द्यायचे; ते माझ्या वेलांट्या दुरुस्त करायचे आणि गोष्टीतही रमायचे. "ताई, तुमचा इन्स्पेक्टर फार सुस्त आहे. कट पकडणार कधी?" आजूबाजूच्या लूमच्या खडखडाटात असं ते ओरडूनच विचारायचे.

एके दिवशी सकाळी त्यांच्या बायकोचा फोन आला. "उनको पुलिस ले गई. आपके कागज़ के वास्ते."

अर्ज टाइप करून घ्यायला आलेल्या कुणी गिऱ्हाइकाने प्रिंटरमधून निघालेलं पान वाचलं होतं. 'मंत्री आत गेले की टेम्पो फाटकाशी लावायचा.' तो तडक पोलिसांकडे गेला. मुंबईत नुकतेच स्फोट होऊन गेले होते. निजामपुऱ्याच्या गल्ल्यांतून चौकशीला नेलेली माणसं लवकर घरी येत नव्हती.

नवरा कामाला अंबाडीला गेला होता. फोनवर म्हणाला, "तू घरीच थांब. वकिलाला विचारतो. आपलं नाव कशाला मध्ये?"

सासूबाईंनी सगळं ऐकलं. चप्पल पायात घालत म्हणाल्या, "त्यानं तुझंच लिवलं ना? मंग बसलीस काय? चल, मी बी येते."

छापलेली दोन पुस्तकं आणि हाताने लिहिलेली कच्ची पानं घेऊन आम्ही रिक्षात बसलो. वाटेत मला स्वतःचीच वाक्यं आठवत होती. टेम्पो कुठल्या रस्त्याने जातो, कुठल्या नाक्यावर कुणी तपासत नाही. किती खरं उतरलंय म्हणून मी खूश होते, ते सगळंच आता माझ्या अंगावर येत होतं.

पोलीस ठाण्यात चाचा बाकावर बसले होते. चष्मा हातात, मान खाली. मला बघूनही त्यांनी ओळख दाखवली नाही.

"हे तुम्ही लिहिलं?" टेबलामागच्या साहेबांनी विचारलं.

"हो."

"रस्ता कुणी सांगितला?"

"कुणी नाही. गोदामांसमोरच राहते मी."

"आणि स्फोटकं कशी भरतात, ते?"

"ते मला माहीत नाही, साहेब. म्हणून ते लिहिलेलंच नाही."

ते हसले नाहीत. एक कोरा कागद पुढे सरकवला आणि माझ्याच कादंबरीतला एक उतारा लिहायला सांगितला. माझा हात इतका थरथरत होता की अक्षरं ओळीत राहीनात. हवालदाराने ते पान आणि माझं कच्चं पान शेजारी ठेवून पाहिलं.

"जुळत नाही, साहेब."

आता मी खोटं बोलून चाचांना वाचवायला आले, असं ठरणार. कदाचित मलाही आत बसवणार. चाचांनी डोळे मिटून घेतले.

सासूबाई उठून टेबलाशी गेल्या. "भ्यालेल्या मानसाचा हात चालतो का, सायेब? तिला पानी द्या न् परत लिवाया सांगा."

साहेबांनी पाणी मागवलं. सासूबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी पुन्हा लिहिलं. या वेळी अक्षर माझं आलं.

तरी संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, मग मला आणि चाचांना सोडलं. चाचांचा कॉम्प्युटर मात्र ठेवून घेतला. बाहेर आल्यावर चाचा म्हणाले, "ताई, तुम्ही आला नसता तर..."

कॉम्प्युटर काही महिन्यांनी परत मिळाला. ते कळल्यावर मी त्यांना भेटायला गेले. भरदिवसा दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. त्यांच्या बायकोने चहा पुढे केला आणि मोठ्या बहिणीला हाक मारावी तशी हळूच म्हणाली, "बाजी, चाय पीने आओ. कागज़ मत लाना."

मी मान हलवली. ती कादंबरी मी पुढे लिहिलीच नाही.