आईची काचेवरची रांगोळी

रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कंपनीने मला कामासाठी नवा लॅपटॉप दिला. त्याचा पडदा कीबोर्डापासून सुटा होतो आणि त्यावर पेनाने लिहिता येतं. अधारतालच्या घरी येऊन मी तो जेवणाच्या टेबलावर खटकन वेगळा केला, तर आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"काहून तोडलं गं नवीन सामान?"

तुटलं नाही हे पटायला तिला तो स्वतः काढून लावून बघावा लागला. मग पेन तिच्या हातात गेलं ते गेलंच.

आईचे गुडघे दुखतात. खाली बसून रांगोळी काढायला डॉक्टरांनी मनाई केली होती आणि त्या दिवाळीत फराळापेक्षा तिला याचीच रुखरुख जास्त. आता ती खुर्चीत बसून, पडदा मांडीवर घेऊन कमळं काढू लागली. आधी बांगड्या काचेला लागायच्या आणि चित्र भलतीकडेच सरकायचं. मग तिने बांगड्या मनगटावरून वर सारल्या. दोन बोटं टेकवली की चुकलेली रेघ पुसली जाते, हे कळल्यावर तर तिला आवरणं कठीण झालं.

वसुबारसेच्या सकाळी म्हणाली, "अंगणाचा एक फोटो घे त्याच्यावर." मी घेतला आणि आंघोळीला गेले. परत येते तर पडद्यावर आमचं रिकामं अंगण मोठ्या कमळाने भरलेलं, आणि तो फोटो कॉलनीतल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर पोचलेला. खाली एवढंच लिहिलं होतं, 'आजची रांगोळी'.

"आई, हे खोटं आहे."

"खोटं काहून? मीच काढली ना?"

अर्ध्या तासात समोरच्या काकू चकल्यांची ताटली घेऊन हजर. "कुठे आहे हो रांगोळी?"

अंगण कोरं. बाबा तिथेच कुंड्यांना पाणी घालत होते.

"ह्यांनी पाइप फिरवला ना त्याच्यावर," आई म्हणाली. पापणीसुद्धा हलली नाही तिची.

"अच्छा काम केलं भाऊजी तुम्ही! बिचारी सकाळपासून काढून राहिली असेल!"

डिफेन्स फॅक्टरीतून रिटायर झालेल्या माझ्या बाबांनी आईकडे पाहिलं. आई चकल्या न्याहाळत होती. "लक्ष नाही गेलं," ते पुटपुटले. मला हसू आवरेना म्हणून मी आत पळाले.

काकू बैठकीत येऊन बसल्या. निदान नमुना तरी उतरवून घ्यावा म्हणून त्यांनी आपल्या फोनवर तो फोटो मोठा केला आणि एकदम थांबल्या.

"वहिनी, ही पाकळी कुत्र्याच्या पायावरून गेली आहे."

फोटोच्या कोपऱ्यात कॉलनीतला तपकिरी कुत्रा पाय पसरून झोपलेला होता. गुलाबी पाकळी त्याच्या मांडीवर.

"झोपला होता तो," आई म्हणाली.

"म्हणून त्याच्यावर काढली?"

"तो काही बोलला नाही."

काकूंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मुकाट्याने लॅपटॉप आणून पुढे ठेवला. आता खरडपट्टी निघणार म्हणून मी मान खाली घातली, पण काकू उठल्या आणि बैठकीचं दार लोटून आल्या.

"ग्रुपवर कोणाला सांगू नका. पहले मला शिकवा."

त्यांनी पेन रांगोळीच्या चिमटीसारखं धरलं आणि मोराची मान काढायला घेतली. रेघ जास्त जाड झाली. काकू वाकल्या आणि सांडलेली रांगोळी उडवावी तशी त्यांनी काचेवर जोरात फुंकर मारली. आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर काकूंच्या अंगणातला मोर आला, आमच्याच लॅपटॉपवर काढलेला. वाहवा आईच्या कमळापेक्षा जास्त. आईने दुपारपर्यंत तो मोर चार वेळा मोठा करून पाहिला. मी ऑफिसचा तक्ता भरत बसले होते, तर शेजारी येऊन उभी राहिली आणि हळूच विचारलं,

"यात सोनेरी रंग कुठे असतो गं?"