बाबांबरोबर पाहिलेले जपानी सिनेमे

खडकीला एका कारखान्यात आयुष्यभर मशीनवर काम करून बाबा निवृत्त झाले, तेव्हा त्यांचे दोन्ही कान जवळजवळ गेले होते. कानाचं यंत्र लावलं की डोकं भणभणतं म्हणून ते काढून ठेवायचे. आई गेल्यावर मी त्यांना कोथरूडला माझ्याकडे आणलं. दिवसभर ते खिडकीशी बसून असत.

ऑफिसातल्या एकीनं सांगितलं, रविवारी सकाळी एका छोट्या सभागृहात जुने जपानी सिनेमे दाखवतात. मला त्यातलं काही कळत नव्हतं. दिग्दर्शकांची नावं अजूनही लक्षात राहत नाहीत. पण पडद्यावर खाली इंग्रजी ओळी येतात आणि बाबा इंग्रजी वाचतात, एवढाच विचार करून त्यांना नेलं.

बाहेर पडताना बाबा खुशीत म्हणाले, "इथं सगळेच बहिरे! सगळेच वाचतात."

मग आम्ही दर रविवारी जाऊ लागलो. तलवारीच्या लढाया असल्या की बाबा कंटाळायचे. त्यांना घरातले सिनेमे आवडायचे. माणसं जमिनीवर बसून जेवतात, मोठं दुःख झालं तरी हवापाण्याचंच बोलतात, उठून गेल्यावरही कॅमेरा त्या रिकाम्या खोलीकडे पाहत राहतो. मला ते फार संथ वाटायचं. बाबा मात्र पुढे सरकून बघायचे.

एका रविवारी पडद्यावर एक म्हातारा बायकोच्या फोटोपुढे उदबत्ती लावत होता. सभागृह शांत होतं. बाबांनी माझा हात धरला आणि, आपला आवाज केवढा आहे हे न कळून, मोठ्यानं विचारलं, "तुझ्या आईनं मला हाक मारली असेल का गं?"

पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं.

आई दुपारी स्वयंपाकघरात कोसळली, तेव्हा बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. अर्ध्या तासानं चहासाठी आत गेले, तेव्हा ती फरशीवर होती. शेजारच्या काकू नंतर मला जिन्यात गाठून रडल्या होत्या. "दोनदा हाक ऐकली गं मी. म्हटलं, ते आहेत ना घरात."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते. पडद्याच्या उजेडात त्यांना दिसेल अशी मी मान हलवली. नाही.

ते थोडा वेळ तसेच पाहत राहिले. मग माझा हात सोडून म्हणाले, "चल, घरी जाऊ."

सिनेमा अर्धा राहिला. पुढच्या रविवारी मी स्कूटरची किल्ली दाखवली, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. त्यानंतर वर्षभर ते होते. आईबद्दल पुष्कळ बोलायचे. तो प्रश्न मात्र पुन्हा कधी विचारला नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला की मला सांभाळून घेतलं, हे मला कळलेलं नाही.