परीक्षकांचं ताट

गेल्या महिन्यातला पहिला रविवार. बिबवेवाडीतल्या खानावळीत दोन थाळ्या, रुपये तीनशे साठ. हजर होतो मी, आमच्या सोसायटीतले परीक्षक आणि गल्ल्यावर मालकीणबाई.

हे गृहस्थ शहरातल्या उत्तम हॉटेलांना पुरस्कार देणाऱ्या मंडळावर आहेत. प्रत्येक वाटीतला एकच चमचा घ्यायचा, डोळे मिटायचे आणि "टेक्स्चर हरवलंय" म्हणायचं, ही त्यांची पद्धत. आमच्या घरचा चहाही ते असाच पितात. "परदेशात हॉटेलांना तारे मिळतात, आपल्याकडे नुसती पोटं भरतात," हे मी लिफ्टमध्ये दर आठवड्याला ऐकतो. त्यांनी पाकीट काढलेलं मात्र कधी पाहिलं नाही.

यंदाच्या यादीत नाव आलं, तर बाई शेजारचा गाळा घेणार होत्या. परीक्षकांनी चमचा चमचा चाखला आणि भरलं ताट बाजूला सारलं.

बाईंनी भिंतीवरची पाटी दाखवली. "ताटात टाकलंत. पन्नास रुपये दंड."

"अहो, मी जेवायला नाही, गुण द्यायला आलोय!"

"मग ताट कशाला वाढून घेतलंत?"

"यादीतून नाव जाईल तुमचं."

"जाऊ द्या. पन्नास द्या."

परीक्षक पुन्हा बसले. गार भात, आमटी, उसळ, सगळं संपवलं आणि पोळीच्या तुकड्याने वाटीही पुसून घेतली.

परवा यादी लागली. बाईंचं नाव नाही.

त्या दिवशी दंड टळला. तीनशे साठ रुपये मी बाईंना दिले. परीक्षकांनी मूठभर बडीशेप घेतली. ती फुकट असते.