शेवटची ओळ दोनदा

रविवार, १४ जून. सकाळी गॅसचा सिलिंडर आला. नात मैत्रिणीकडे खेळायला गेली. सुनेचं प्लग-इन पहिल्यांदा नीट चाललं. त्यानंतर घरात भांडण झालं.

आमच्या सुनेला घरात ‘तपासनीस’ म्हणतात. नवी नवरी असताना तिने माझ्या औषधांच्या बाटल्यांवरच्या तारखा वाचून निम्म्या बाटल्या फेकून दिल्या, तेव्हा मुलाने हे नाव पाडलं. दोघं एकाच कंपनीत कोड लिहितात. नात झाल्यावर सून दोन वर्षं घरी होती. त्या काळात मुलाचं एक काम अडलं, ते तिने बाळ झोपलं की बसून लिहून दिलं. मुलगा म्हणाला, “आमच्याकडे नाही चाललं ते. मी वेगळं लिहिलं.” ती परत कामावर गेली तेव्हा तो टीमचा प्रमुख झाला होता आणि तिला खालची जागा मिळाली. आता वरच्या जागेसाठी अर्ज केला, तर साहेबांनी विचारलं, “रजेत लिहिलेलं, वापरात आलेलं काही आहे का?” ती नाही म्हणाली. उद्या तिची दुसरी मुलाखत आहे.

कोड लिहायच्या एडिटरला जोडायचं तिचं हे प्लग-इन कोडमधले एकसारखे तुकडे शोधतं. तिने मला सांगितलं होतं, “आई, आपल्याला नुसती अक्षरं दिसतात. हे प्रत्येक घटकाला विचारतं, तू कोण? फंक्शन? तुझ्या पोटात काय? एक अट, एक फेरा. मग त्या फेऱ्याच्या पोटात काय? लिहिणाऱ्याने दिलेली नावं मी बाजूला ठेवते. कपडे बदलले तरी माणूस ओळखू यायला हवा.”

“म्हणजे तुझ्यासारखंच भोचक,” मी म्हटलं. ती खूप हसली.

आज चाचणी घेताना तिने ऑफिसच्या कोडबरोबर आपली घरची जुनी फाइलही त्यात घातली. एक जोडी निघाली. एका बाजूला तिचा कोड, दुसऱ्या बाजूला मुलाचा, ज्याच्यावर त्याला प्रमुखपद मिळालं तो. नावं सगळी निराळी. “चुकलं बहुतेक,” म्हणत ती एकेक घटक उघडून बघत गेली आणि मध्येच थांबली.

मुलगा शेजारी शर्टांना इस्त्री करत होता.

“तुझ्या कोडमधला हा घोळ माझा आहे,” ती त्याला म्हणाली. “ताप होता त्या दिवशी मला. शेवटची ओळ दोनदा मोजली जात होती. शोधायचा कंटाळा आला म्हणून मी शेवटी एक वजा केला. शहाणं माणूस असं लिहीत नाही. दोन माणसं तर नाहीच नाही.”

“अगं, घाई होती. सांगणारच होतो.”

“पाच वर्षं सांगणारच होतास?”

“पगार घरातच आला ना? मी काय दुसरं घर मांडलंय?”

“मग नावही घरातलंच घालायचं होतंस. माझं.”

त्याने इस्त्री उभी केली. “उद्या हे दाखवलंस तर माझी नोकरी जाईल. चालेल तुला?”

“आणि नाही दाखवलं, तर मी आहे तिथेच.”

“प्लग-इन दाखव की. तेवढं पुरे आहे. घरची फाइल नसली तर ते कुणाला काही सांगणार नाही. पुसून टाक ती.”

मग तिने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. “माझ्या हाताने नाही. तूच पुस.”

मला वाटलं, आता तरी याला लाज वाटेल. “अरे,” एवढंच मी म्हटलं.

“आई, तू यात पडू नकोस,” म्हणाला, आणि पुसली. नंतर आठवण येऊन कचऱ्याच्या फोल्डरातूनही काढली. एका शर्टाची बाही राहिली होती, ती इस्त्री करून शर्ट हँगरला लावला.

मी सुनेला विचारलं, उद्या जाणार आहेस का?

“जाणार ना, आई. विचारलं तर सांगेन, रजेत मी काहीच लिहिलं नाही.”

संध्याकाळी तिने आपली उशी आणि पांघरूण नातीच्या खोलीत नेलं. तिथला बल्ब गेला होता. नवा आणवून लावला.