चॉक काढायची खूण

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या कपाटात वीतभर विमान उभं होतं आणि त्याच्या चाकांना काहीच लावलेलं नव्हतं. माझ्या तोंडात त्यांचा आरसा आणि कापूस. तरी मी हात वर करून बोट दाखवलं.

"दुखून राहिलं का, काका?"

कापूस थुंकला आणि म्हटलं, "दात राहू द्या बाई. ते हॅरियर समुद्रात जाईल तुमचं. जहाज डोलतं. चॉक नाही, साखळी नाही, ठेवलं नुसतं नेऊन?"

त्यांनी हातातली सळई ट्रेमध्ये ठेवली. बाहेर बाकावर दोन पेशंट गाल धरून बसले होते, त्यांचा विचारच नाही. म्हणाल्या, "ते हॅरियर आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"त्याचीच चाकं धरून पोट भरलं मी."

अशी ओळख झाली. नेपियर टाउनात त्यांचा दवाखाना. वय पस्तीसच्या आसपास. मराठी समजतं सगळं, बोलता बोलता हिंदीत घसरतात. प्लास्टिकची विमानं बनवायचा नाद. दात कोरायच्या मशीननेच विमानाची भोकं पाडतात. मला ते फार आवडलं. मशीन एक, कामं दोन.

मी शिकलेला माणूस नाही. बाप इथल्या फॅक्टरीत टर्नर. मी दुसऱ्या खेपेला मॅट्रिक निघालो आणि नेव्हीत गेलो. घरच्यांना वाटलं पोरगा जहाज चालवणार. मला मिळाली डेकवरची हमाली. तिचं नाव हँडलर. विमान ढकलायचं, वळवायचं, साखळ्यांनी डेकला बांधायचं, वेळ आली की सोडायचं. घाटात ट्रक थांबला की क्लीनर चाकाला दगड लावतो, तसं आम्ही विमानाच्या चाकाला चॉक लावायचो. पायलट वर काचेत बसलेला असतो, त्याचा फोटो येतो. त्याच्या खाली चाकापाशी गुडघ्यावर बसलेला जो माणूस फोटोत अर्धा कापला जातो, तो मी.

हॅरियर विमान मोठं नखऱ्याचं. थोडंसं धावायचं, जहाजाच्या नाकावरच्या चढावरून उडी मारायचं आणि येताना हेलिकॉप्टरसारखं जागच्या जागी उतरायचं. उतरताना खालचं लोखंड असं तापायचं की बुटाच्या तळव्यातून कळायचं. खाऱ्या वाऱ्याने गंजू नये म्हणून त्याला गोड्या पाण्याने आंघोळ. आम्हाला अर्धी बादली. एकदा मी विमान धुता धुता स्वतःचीही मान धुऊन घेतली तर आमच्या टोळीचा चीफ म्हणाला, "तू उडणार आहेस का?"

डॉक्टरीणबाईंना त्या इंजिनाची ताकद पाठ, पंखाची लांबी पाठ. मला ते आजही माहीत नाही. पावसात विमानाखाली बसलं की कुठून पाणी नेमकं मानेत गळतं, ते मला माहीत. त्यांना तेच पाहिजे होतं. त्यांना कपाटातल्यापेक्षा मोठं काम करायचं होतं. जहाजाच्या डेकचा तुकडा, त्यावर एक हॅरियर उडायच्या तयारीत, भोवती करंगळीच्या पेराएवढी माणसं. शहरातल्या विमानवेड्यांनी मिळून एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन ठरवलं होतं, तिथे ठेवायला. दर रविवारी दुपारी दवाखाना बंद असला की मी जाऊन बसायचो. बायको गेल्यापासून रविवार मला जड जायचा. ती होती तेव्हा रविवारी आम्ही बड्या फुहाऱ्याच्या बाजारात काही ना काही घ्यायला जायचो आणि बहुतेक वेळा न घेता यायचो.

तिसऱ्या रविवारी त्यांनी बरगीकडून एका साहेबांना बोलावलं. रिटायर्ड पायलट, धरणाजवळ घर बांधून राहतात, ग्वाल्हेरकडचे मराठी. आम्ही एकाच जहाजावर होतो. त्यांना मी आठवलो नाही. काहून आठवणार? हेल्मेट, गॉगल, कानावर डबडी, आम्ही सगळे एका साच्यातले. मला ते पक्के आठवले. शिडी चढायच्या आधी डावा बूट दोनदा आपटायचे.

"अजून आपटता का, साहेब?" मी विचारलं.

"आता बायपास झालंय, भाऊ. बूटच घालत नाही."

त्यांची पाठ दुखते म्हणून ते पेशंटच्या खुर्चीत आडवे व्हायचे आणि छताकडे बघत बोलायचे. मी स्टुलावर. डॉक्टरीणबाई डोळ्याला भिंग लावून टेबलाशी. आमची बैठक ही अशी.

अशाच एका रविवारी बाईंनी त्या पेराएवढ्या माणसांची डबी उघडली. म्हणाल्या, "काका, आता यांचे हात. कोणाचा हात कसा ते तुम्ही करून दाखवा, मी फोटो काढते."

डेकवर बोलता येत नाही. इंजिन चालू झालं की शेजारचा किंचाळला तरी त्याचे दातच दिसतात. म्हणून सगळं हातांनी. मी दाखवत गेलो. डोक्यावर दोन्ही हातांची फुली, थांब. गळ्यावरून आडवा पंजा, इंजिन बंद. दोन्ही मुठी, अंगठे आत, चॉक लाव. बाई फोटो काढत होत्या.

"और चॉक काढायची?"

मी म्हटलं, "चहा करा बाई आधी."

चहा झाला. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, खांदा दुखतो. साहेब खुर्चीतून म्हणाले, "मी दाखवतो, मीच तर करायचो." मी म्हटलं, "तुमची पाठ सांभाळा." पण आता काहीतरी सांगणं भाग होतं. आणि मला गोल गोल बोलता येत नाही. सांगून टाकलं.

माझा उजवा कान जहाजानेच घेतला. डावा अर्धा आहे. लग्न झालं तेव्हा बायकोला हे सांगितलेलं नव्हतं. पंधरा दिवसांत तिला कळलं की हा माणूस उद्धट नाही, बहिरा आहे. थोडा उद्धट आहे, पण आधी बहिरा आहे. मग तिने सुट्टीत माझ्याकडून डेकच्या सगळ्या खुणा शिकून घेतल्या. शाळा तिचीही सातवीपर्यंतच, पण हात फार हुशार. आमचं घर त्या खुणांवर चाललं. अंगठे आत म्हणजे या, बसा, ताट वाढलंय. अंगठे बाहेर, ती चॉक काढायची खूण, म्हणजे निघायचं, कुलूप लावा. कोणाच्या घरी गेलो आणि मी गरजेपेक्षा जास्त बसलो की कोपऱ्यातून अंगठे बाहेर. गळ्यावरून पंजा म्हणजे, अहो, तोंड बंद. तो मी सगळ्यात जास्त खाल्ला. तिच्या भावाला मी एकदा तोंडावर म्हटलं की तुझ्या दुकानात गिऱ्हाईक येत नाही कारण तू तिथे बसतोस. तिने गळ्यावरून पंजा फिरवला. भाऊ पांढरा पडला. त्याला वाटलं, बहीण नवऱ्याला खून करायला सांगून राहिली. ती हसून हसून खाली बसली होती.

चाळीस वर्षं असं चाललं. मजेत चाललं, खोटं काहून बोलू.

मागच्या वर्षी तिच्या फुफ्फुसात पाणी झालं. दवाखान्यात तोंडावर मास्क, बोलता येईना. सगळ्यांना वाटायचं, बिचारीचा संवाद तुटला. आमचा काही तुटला नव्हता. आम्ही तसेच बोलायचो. नर्स बघत उभी राहायची. एका दुपारी तिने चादरीवर दोन्ही मुठी ठेवल्या आणि अंगठे बाहेर केले. निघायचं. मला घरी घेऊन चला. मी डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला, अजून दोन-चार दिवस बघू, सुधारेल. मी तिच्यासमोर डोक्यावर हातांची फुली केली. थांब. तिने पुन्हा अंगठे बाहेर केले. मी पुन्हा फुली. मग तिने गळ्यावरून पंजा फिरवला, तोंड बंद, आणि डोळे मिटून पडून राहिली. मास्कच्या आत हसली असं मला वाटलं. पक्कं माहीत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी गेली. तिथेच. घर तीन किलोमीटरवर होतं.

"तेव्हापासून ती खूण माझ्या हातून होत नाही," मी म्हटलं. "तिने मागितलं आणि मी दिलं नाही. एवढंच आहे ते."

बाईंचं भिंग कपाळावर होतं. त्यांनी गोंदाच्या बाटलीचं झाकण लावलं, चांगलं केलं. सहानुभूती दाखवली असती तर मी उठून गेलो असतो. साहेब मात्र छताकडे बघत म्हणाले, "डेकवर फुली कोण दाखवू शकत होतं?"

"कोणीही."

"कोणीही म्हणजे?"

"कोणीही म्हणजे कोणीही. स्वैपाकी वर आला असेल तर तोही. काही गडबड दिसली की फुली."

"आणि मग गडबड नव्हती असं निघालं तर? शिक्षा?"

"नाही. फुली दाखवली म्हणून कोणाला कधी शिक्षा नाही झाली." हा आमचा कायदा होता. ते मला शिकवत नव्हते, माझंच मला विचारून राहिले होते.

"मला किती वेळा थांबवलंय तुम्ही लोकांनी," साहेब म्हणाले. "मी अंगठे बाहेर करतोय, खालून फुली. ऊन, घाम, पट्टे आवळलेले. आतमध्ये बसून मी शिव्या द्यायचो तुम्हाला."

"कोणत्या?"

"बाई बसल्यात इथे."

"द्या, द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी रोज पेशंटच्या ऐकते."

साहेबांनी एक दिली. ठीक होती, पण आमच्या चीफच्या पासंगालाही पुरणारी नाही. मग ते म्हणाले, "शिव्या देत होतो, पण खाली बघितलं की हँडलर चाकापाशी बसलेला दिसायचा. तो उठून सावलीत गेला असता ना, तर मी घाबरलो असतो. तुम्ही त्या चार दिवसांत सावलीत गेलात का?"

मी गेलो नव्हतो. खुर्चीवर झोपलो, तिथेच डबा खाल्ला, आंघोळ नळाखाली. पण म्हटलं, "साहेब, तुम्ही नंतर उडायचे. संध्याकाळी परत यायचे. ती घरी जाऊ शकली नाही."

"हां," साहेब म्हणाले. "ते आहे."

त्यांनी त्यावर मलम लावलं नाही, म्हणून मला तो माणूस आवडतो. मी आपला विचार करत राहिलो. डॉक्टर म्हणाला होता सुधारेल, म्हणून थांब म्हटलं होतं. माझ्या मर्जीने नाही. पण तिला घर पाहिजे होतं, हेही खरं. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही घेऊनच मला राहायचंय. घरात गॅसपाशी उभा असतो तेव्हा दोन्ही माझ्यासोबत असतात. ते काही वाईट नाही. एकटा असण्यापेक्षा बरं.

डॉक्टरीणबाईंनी हळू विचारलं, "काका, मग मी विमान बांधलेलंच ठेवू का? चॉक, साखळ्या, सब कुछ. तसंही चांगलं दिसेल. कोणाला कळणार नाही."

मी त्या टेबलावरच्या हॅरियरकडे बघितलं. रंग झाला होता, राखाडी, माझ्या सांगण्यावरून पोटाखाली तेलाचे ओघळही काढले होते. नाक चढाकडे. आतमध्ये दाण्याएवढा पायलट. तो बिचारा तयार होऊन बसला होता. आणि मला वाटलं, तिला जमलं नाही म्हणून ह्यालाही काहून अडकवून ठेवायचं? ती असती तर तिने आधी गळ्यावरून पंजा फिरवला असता, पुरे तुमचं.

"नाही," मी म्हटलं. "काढा चॉक. फोटो घ्या."

मी स्टुलावरून उठलो. मुठी वळल्या, हात पुढे घेतले, अंगठे बाहेर करून दोन्ही हात बाजूला फेकले. खांदा खरंच दुखला. बाई म्हणाल्या, फोटो हलला, परत करा. परत केली. साहेब म्हणाले, कोपर वाकतंय. मी म्हटलं, तुम्ही छत बघा.

मग कामाला लागलो. मी त्यांना सांगितलं की चॉक काढून भागत नाही. हँडलरने बाहेर पळत येऊन चॉक आणि साखळ्या हातात उंच धरायच्या, पायलटला दिसतील अशा. सगळं निघालं ह्याची त्याला स्वतः डोळ्यांनी खात्री पाहिजे. ती होत नाही तोवर तो हलत नाही. बाईंना हे कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. त्यांनी दिव्यावर सळई गरम करून दोन माणसांचे हात वर वळवले आणि चिमट्याने त्यांच्या हातात राईएवढे चॉक दिले. एकाचा हात सारखा खाली पडायला लागला.

"हा धरावा लागेल, काका. गोंद सुकेपर्यंत. दहा मिनिट, हिलाना मत."

त्यांना दुसरा माणूस करायचा होता म्हणून मी धरला. अंगठा आणि बोटात तो एवढासा हात, वर उचललेला. साहेब पाठ धरत खुर्चीतून उतरले, टेबलाशी आले, वाकून बघायला लागले.

"ह्याचं पोट फार आत आहे," ते म्हणाले. "तुमच्यातला एकही असा नव्हता."

"तेव्हा होता," मी म्हटलं. "अर्धी बादली पाणी आणि दोन चपात्या. बाजूला व्हा, उजेड अडवून राहिलात."