पेटीचं वजन

ताकद दाखवायची हौस मला नेमकी नको तिथे येते. हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीतल्या मावशींचा वैमानिक मुलगा विमानासकट डोंगरांत हरवला होता. कित्येक वर्षांनी बर्फातून थोडे अवशेष मिळाले, ते मावशींच्या रक्ताशी जुळले आणि तिरंग्यातली पेटी घरी आली. घरून निघताना खांदा गल्लीतल्यांनी द्यायचा होता. मी सगळा जोर लावला, तर माझ्याकडची बाजू रिकाम्या खोक्यासारखी वर उडाली. मावशी समोरच उभ्या होत्या.

माझ्या जोडीच्या खांद्यावर शेजारचे काका होते. हवाई दलात अशा हरवलेल्यांना शोधणाऱ्या तुकड्यांमध्येच त्यांची सारी नोकरी झाली. आजही ते मान खाली घालूनच चालतात. रस्त्यात बटण, बक्कल, स्क्रू, काहीही दिसलं की उचलतात, फुंकर मारून निरखतात आणि जवळच्या कंपाउंडच्या भिंतीवर ठेवतात. ‘‘कोणाचं तरी असंल,’’ एवढंच बोलतात. डोंगरांबद्दल विचारलं तर, ‘‘थंडी राहते गा तिथं.’’

त्या दिवशी काकांनी पेटी खाली दाबली, गुडघे वाकवले आणि धापा टाकत मोठ्यानं म्हणाले, ‘‘हळू गा! भारी आहे पोरगा, एकट्याले नाही झेपत.’’ स्मशानघाटापर्यंत ते तसेच वाकून चालले. मग मीही वाकलो.

घरी आल्यावर बायकोला विचारलं, ‘‘मावशींना कळलं नसेल ना?’’

‘‘सकाळीच त्यांनी पेटी एका हातानं उचलून पाहिली होती,’’ ती म्हणाली. ‘‘तेव्हा नाही रडल्या. काकांनी पोरगा भारी आहे म्हटलं ना, तेव्हा रडल्या.’’